किलोवॅटच्या लेझरसाठी डिफ्रॅक्टिव्ह ऑप्टिक: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांवेर रोड, पोलोग्राउंड आणि पीथमपूरच्या वर्कशॉपमध्ये किलोवॅटचे फायबर लेझर आता नेहमीचे झाले आहेत. शिवाय कॅट रोडच्या टोकाला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असल्याने राजेंद्रनगर, सुदामानगरच्या मराठी घरांत लेझर हा विषय जेवणाच्या ताटावरही निघतो. प्रश्न दोन बाजूंनी येतात. वर्कशॉपवाल्यांना मशीनच्या हेडमध्ये काय बसवायचं ते हवं असतं, आणि एसजीएसआयटीएस किंवा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना डिझाइन कसं करायचं ते. दोघांची उत्तरं एकाच पानावर ठेवली आहेत, कारण माझ्या मते दोघांचा प्रश्न शेवटी एकच आहे: लेझरमधून निघालेला प्रत्येक वॅट कुठे गेला?

आकडे दिले आहेत तिथे शक्यतो एकच उदाहरण धरलं आहे: १०७० नॅनोमीटरचा ६ किलोवॅटचा फायबर लेझर, फ्यूज्ड सिलिकाची डीओई आणि २०० मिमी फोकल लेंथची लेन्स.

डिफ्रॅक्टिव्ह ऑप्टिक, म्हणजे डीओई, नेमकी असते काय? हातात घेतली तर साधी काच वाटते.

तिच्यावरचं कोरीवकाम डोळ्याला कळण्याइतकं खोल नसतं, म्हणून तसं वाटतं. लेन्स प्रकाश वळवते ती गोलाईने, मिलिमीटरमध्ये मोजता येणाऱ्या जाडीच्या फरकाने. डीओईवर मात्र एक-दोन मायक्रॉनच्या पायऱ्या असतात. उंच पायरीतून जाणाऱ्या प्रकाशाला जास्त काच ओलांडावी लागते, त्यामुळे तो शेजारच्या प्रकाशापेक्षा किंचित मागे पडतो. हा मागेपुढेपणा म्हणजे फेज. पुढे गेल्यावर या लाटा एकमेकींत मिसळतात. जिथे शिखरं जुळतात तिथे उजेड होतो, जिथे शिखर आणि दरी भेटतात तिथे अंधार. पायऱ्यांचा नकाशा बदलला की उजेडाची जागा बदलते.

प्रकाशाला पूर्ण एक लाट मागे पाडायला किती खोली लागते ते सरळ काढता येतं: तरंगलांबीला (अपवर्तनांक वजा १) ने भागायचं. १०७० नॅनोमीटरला फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४४९५ आहे, म्हणून उत्तर येतं २.३८ मायक्रॉन. साधारणपणे त्याहून खोल कोरावं लागत नाही, कारण पूर्ण लाट मागे पडली की फेज पुन्हा शून्यावर येते.

लेन्स आणि आरसे असताना हिची गरज कशाला?

एका किरणाचे तीन, सात किंवा शंभर किरण करायचे असतील, मधे तीव्र आणि कडेला मंद असलेला ठिपका सपाट आणि चौकोनी करायचा असेल, तर आरशांची जत्रा भरवण्यापेक्षा तीन मिलिमीटरची एक काच बसवणं सोपं पडतं. बॅटरीच्या पट्ट्या जोडताना किंवा पत्र्याची जोड भरताना मुख्य ठिपक्याच्या आजूबाजूला छोटे ठिपके ठेवून धातूचं उडणं कमी करता येतं.

मोठ्या प्रयोगशाळांतही हेच तत्त्व चालतं. १९८४ साली जपानमधल्या ओसाकाच्या गटाने, काटो आणि सहकाऱ्यांनी, शक्तिशाली लेझरचा ठिपका एकसारखा करायला रँडम फेज प्लेट वापरल्याचं प्रसिद्ध केलं. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ किरण लक्ष्यावर पडण्याआधी सलग चढउतार असलेल्या फेज प्लेटमधून जातात. तिथेच ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा देऊन संलयनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाले.

कॅटलॉगमध्ये कार्यक्षमता ९५ टक्के लिहिली आहे. एवढी चांगली असताना तुम्ही सारखी काळजी का करायला सांगता?

१ वॅटच्या लेझरला उरलेले ५ टक्के म्हणजे ५० मिलिवॅट. ६ किलोवॅटला तेच ५ टक्के म्हणजे ३०० वॅट, आणि हे ३०० वॅट हवेत विरत नाहीत. ते होल्डरवर, नोझलच्या आतल्या कडेवर, ओ-रिंगवर किंवा पुढच्या लेन्सच्या चौकटीवर कुठेतरी पडतात. ओ-रिंग तापली की वाफ सोडते, ती वाफ काचेवर बसते, बसलेला थर प्रकाश शोषतो आणि काच तापते. डीओई जळाली म्हणून जे भाग माझ्यासमोर येतात, त्यांत कोरीवकामाचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा वाया गेलेल्या प्रकाशाची सोय कुणी केलेली नसते.

म्हणून डीओई घेताना किंवा बनवताना किराणा दुकानाच्या खतावणीसारखा हिशेब मांडा: हव्या त्या ठिपक्यांत किती, मधल्या सरळ जाणाऱ्या किरणात किती, दूरच्या क्रमांत (जाळीतून ठराविक कोनांत फुटणाऱ्या बाजूच्या किरणांत) किती, परावर्तनात किती, शोषणात किती. बेरीज १०० टक्के भरली पाहिजे. भरत नसेल तर जो आकडा सापडत नाही, तोच नंतर त्रास देतो.

एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

एका किरणाचे सारख्या ताकदीचे तीन करायचे आहेत, फोकसवर १ मिमी अंतराने. अंतर ठरतं पट्ट्यांच्या पुनरावृत्तीवरून: फोकल लेंथ गुणिले तरंगलांबी भागिले अंतर, म्हणजे २१४ मायक्रॉन. निम्मी पट्टी उंच, निम्मी खोल, अशी दोन पातळ्यांची साधी जाळी घेऊ.

आता खोली. दोन पातळ्यांमधला फेजचा फरक बदलला की मधल्या आणि बाजूच्या किरणांची वाटणी बदलते. मधल्याची ताकद असते त्या फरकाच्या निम्म्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग. बाजूच्या प्रत्येकाची असते त्याच कोनाच्या साइनच्या वर्गाच्या ०.४०५ पट. दोन्ही सारख्या ठेवल्या की फरक येतो ११५ अंश, आणि फ्यूज्ड सिलिकात त्याची खोली ७६१ नॅनोमीटर. तिन्ही किरणांना प्रत्येकी २८.८ टक्के मिळतात, एकूण ८६.५ टक्के.

इथवर पुस्तकात असतं. हिशेब पुढे न्यावा लागतो. उरलेले १३.५ टक्के म्हणजे ६ किलोवॅटवर ८१० वॅट. त्यातले १९२-१९२ वॅट तिसऱ्या क्रमात, केंद्रापासून ३ मिमीवर दोन्ही बाजूंना. ६९-६९ वॅट पाचव्या क्रमात, ५ मिमीवर. बाकीचे त्याहून बाहेर. नोझलचं भोक या क्रमांच्या वाटेत येत असेल, तर चारशेच्या आसपास वॅट नोझलच्या आतल्या कडेवर पडत राहणार. भोक मोठं करा, पाण्याने थंड केलेली तांब्याची कडी बसवा, किंवा डिझाइन बदला. फेज पायऱ्यांऐवजी सलग वळणाने दिली तर तीन किरणांची कार्यक्षमता जास्तीत जास्त ९२.६ टक्क्यांपर्यंत जाते. ती बनवायला अवघड असते, पण वाया जाणारा प्रकाश निम्म्यावर येतो. किलोवॅटमध्ये मी हाच रस्ता सुचवतो.

कोरण्यात थोडी खोली चुकली तर किती बिघडतं?

वरच्याच उदाहरणात खोली ५ टक्के, म्हणजे फक्त ३८ नॅनोमीटर जास्त झाली, तर मधला किरण २४.४ टक्क्यांवर उतरतो आणि बाजूचे ३०.६ वर चढतात. मधला ठिपका बाजूच्यांपेक्षा पाचव्या हिश्शाने मंद पडतो. वेल्डिंगमध्ये हा फरक मधल्या टाक्याच्या खोलीत लगेच दिसतो. फेजचा फरक १८० अंश ठेवला की मधला किरण नाहीसा होऊन दोनच मुख्य किरण उरतात. अशा दोन किरणांच्या जाळीत तेवढीच चूक झाली तर मधे न हवा असलेला ०.६ टक्के प्रकाश येतो. टक्का लहान आहे, पण ६ किलोवॅटवर ते ३७ वॅट एका बारीक ठिपक्यात एकवटलेले असतात.

मशीनचा लाल पायलट बीम आणि खरा ठिपका जुळत नाहीत. डीओई उलटी बसली आहे का?

बहुधा नाही. डीओई एका तरंगलांबीसाठी बनते. लाल पायलट ६५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे दोन गोष्टी बदलतात. क्रमांमधलं अंतर तरंगलांबीच्या प्रमाणात असल्याने १ मिमीच्या जागी ०.६१ मिमी दिसतं. शिवाय तीच खोली लाल प्रकाशाला १.६७ पट जास्त फेज देते, म्हणून वाटणी पार बदलते. वरच्या तीन किरणांच्या जाळीत लाल प्रकाशाचा मधला ठिपका जवळजवळ नाहीसा होतो, जेमतेम एक टक्का उरतो. दोन किरणांच्या जाळीत उलट घडतं: तीन चतुर्थांश लाल प्रकाश सरळ मधूनच जातो.

लाल ठिपक्यावरून फक्त केंद्र शोधा. नमुना पाहायचा असेल तर कमी ताकदीवर थर्मल पेपर किंवा पातळ पत्र्यावर एक टिचका मारून बघा.

डिझाइन कसं करतात? एखादं सॉफ्टवेअर बटण दाबून करून देतं का?

साध्या जाळ्या वहीवर होतात, वर केल्या तशा. १९७१ साली डामान आणि गॉर्टलर यांनी दोनच पातळ्या ठेवून पट्ट्यांच्या रुंदी बदलत अनेक सारखे किरण मिळवण्याची पद्धत मांडली, ती आजही पहिली शिकावी. चित्र गुंतागुंतीचं असेल तर १९७२ च्या गर्शबर्ग-सॅक्स्टन पद्धतीचं कुठलंतरी रूप चालतं. डीओईच्या जागेवरून फोकसपर्यंत फूरिअर रूपांतर करायचं, तिथे हवी ती तीव्रता लादायची, परत यायचं, इथे लेझरची खरी तीव्रता लादायची आणि पुन्हा जायचं. पायथनमध्ये पन्नास ओळींत होतं, विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून बघावंच.

मात्र तीव्रता जुळली म्हणून काम संपत नाही. ही पद्धत कधीकधी फेजमध्ये भोवऱ्यासारखी जागा तयार करते, जिच्याभोवती फेज पूर्ण फिरते आणि मधे अंधार राहतो. असे भोवरे ठिपक्यात काळे बिंदू सोडतात आणि प्रकाश दूर फेकतात. म्हणून सुरुवातीचा फेज नकाशा रँडम न ठेवता गुळगुळीत ठेवा. आणखी एक अट स्वतःहून घाला: हव्या चौकटीच्या बाहेर किती प्रकाश गेला तो प्रत्येक फेरीत छापा. सारखेपणाच्या मागे लागून पद्धत बाहेरचा प्रकाश वाढवत नेते, आणि आपल्या लेझरला तोच महाग पडतो.

सपाट टॉप-हॅट ठिपका हवा आहे. माझ्या लेझरवर होईल का?

लेझर एकमोड असेल (किरणाचा आकार एकच, मधे तीव्र आणि कडेला मंद) आणि किरणाचा व्यास डिझाइनच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवता येत असेल, तर होईल. केंद्र सरकलं की टॉप-हॅट एका बाजूला कलतो. १०० मायक्रॉन गाभ्याच्या फायबरमधून येणाऱ्या बहुमोड (अनेक आकारांची सरमिसळ असलेल्या) किरणाला टॉप-हॅटची डीओई लावून उपयोग नाही. तिथे किरण विभागणारी जाळी चालते, कारण ती जसा ठिपका येतो त्याच्याच प्रती काढते.

काच कोणती घ्यावी?

१ मायक्रॉनच्या आसपास फ्यूज्ड सिलिका, तीही कमी हायड्रॉक्सिलची. ती तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही: दर अंशाला दशलक्षात ०.५५ भाग. साध्या ऑप्टिकल बोरोसिलिकेट काचेचा आकडा ७ च्या वर आहे, आणि एका जागी तापून बाजूला थंड राहिली की ती तडकते. प्लास्टिकवर छापलेल्या डीओई या कामाला अजिबात घेऊ नका.

१०.६ मायक्रॉनच्या कार्बन डायऑक्साइड लेझरला काच चालत नाही, तिथे झिंक सेलेनाइड लागतं. त्याचा अपवर्तनांक २.४ असल्याने पूर्ण लाटेला ७.६ मायक्रॉन खोली लागते, आणि गोल रचना हिऱ्याच्या टोकाने खरादावर कापता येते. ते उष्णता सिलिकापेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतं, पण तापमानागणिक त्याचा अपवर्तनांक सहापट वेगाने बदलतो, त्यामुळे फोकस सरकतो. झिंक सेलेनाइडचा तुकडा जळाला तर धूर हुंगू नका आणि भुकटी झाडू नका. ती विषारी असते. हातमोजे घालून ओल्या कापडाने उचला आणि बंद डब्यात ठेवा.

बनवायची प्रक्रिया काय असते?

चिप बनवतात त्याच घराण्यातली. काचेवर फोटोरेझिस्ट पसरवायचं, मास्कमधून अतिनील प्रकाश टाकायचा, धुवायचं आणि उघड्या पडलेल्या जागा फ्लोरीनयुक्त वायूंच्या प्लाझ्मात कोरायच्या. एका मास्कने दोन पातळ्या मिळतात, दोनने चार, तीनने आठ. या पातळ्यांच्या पायऱ्यांनी तिरका उतार साधायचा असेल तर आदर्श कार्यक्षमता अनुक्रमे ४०.५, ८१ आणि ९५ टक्के. चौथ्या मास्कने सोळा पातळ्या होऊन ९८.७ पर्यंत जाता येतं, पण प्रत्येक मास्क आधीच्यावर अचूक बसवावा लागतो. अर्धा मायक्रॉन सरकला की पायऱ्यांच्या कडेला बारीक भिंती आणि खाचा उरतात, आणि त्या प्रकाश विखुरतात. माझं मत असं की आठ पातळ्या नीट कराव्यात किंवा सरळ ग्रेस्केल लेखन करावं, म्हणजे प्रकाशाची मात्रा कमीजास्त करत सलग उतार लिहावा. सोळासाठी चार मास्कचा खटाटोप क्वचितच फळतो.

आठ पातळ्यांसाठी कोरायच्या खोल्या आहेत सुमारे २९८, ५९५ आणि ११९० नॅनोमीटर. एका दमात कोरू नका. नव्वद टक्क्यांवर थांबून मोजा, मग उरलेलं कोरा. मध्यभाग आणि कड यांचा वेग सारखा नसतो, त्यामुळे मोजणी निदान पाच जागी करा.

किलोवॅटसाठी शेवटची धुलाई कोरण्याइतकीच महत्त्वाची आहे. क्रोमचा मास्क वापरला असेल तर त्याचे काही नॅनोमीटर उरले तरी ते धातूच आहेत आणि शोषणार. प्लाझ्मातल्या वायूंपासून बनलेला पॉलिमर भिंतींना चिकटतो, तो ऑक्सिजन प्लाझ्माने काढावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या काचेच्या पृष्ठाखाली सूक्ष्म भेगा दबलेल्या असतात, त्या हलक्या आम्ल-धुलाईने कमी होतात. दिसत नाही म्हणून हे टप्पे गाळण्याचा मोह होतो, पण लेझर लावल्यावर तेच पहिल्यांदा उघडे पडतात.

कोटिंग आवश्यक आहे का?

हो. कोटिंग नसलेल्या सिलिकाच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ३.४ टक्के प्रकाश परततो. ६ किलोवॅटवर दोन्ही बाजू मिळून ४०० वॅट उलट लेझरकडे. झिंक सेलेनाइडचं एकेक पृष्ठ १७ टक्के परत पाठवतं.

इंदूरमध्ये बनवून मिळते का?

डिझाइन इंदूरमध्ये बसून नक्की होतं. प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण लिथोग्राफीची बीमलाइन आहे, म्हणजे सूक्ष्म कोरीवकामाची विद्या शहराला अपरिचित नाही. पण ते संशोधनाचं ठिकाण आहे, तिथे जॉब-वर्क चालत नाही. संशोधक आणि विद्यार्थ्यांना बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई इथल्या क्लीनरूम आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम) या योजनेतून वापरता येतात. प्रस्ताव लिहावा लागतो, आणि हिशेब मांडलेला असेल तर तो वाचणाऱ्याला पटतो.

स्पंदित लेझरला वेगळे नियम लागतात का?

पुष्कळ वेगळे. सलग लेझरमध्ये शत्रू आहे उष्णता. नॅनोसेकंद स्पंदात उष्णता साचायच्या आधीच पृष्ठावरचा एखादा दोष फुटतो. सहनमर्यादा साधारणपणे स्पंदकाळाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते: १० नॅनोसेकंदाला १० ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर सोसणारं पृष्ठ १ नॅनोसेकंदाला सुमारे ३ सोसेल. हा नियम काही दहा पिकोसेकंदांच्या खाली लागू धरू नका. तिथे एका वेळी अनेक फोटॉन शोषले जाऊन इलेक्ट्रॉन सुटतात आणि गणितच बदलतं.

आणखी एक चूक सर्रास होते. ऊर्जेला क्षेत्रफळाने भागून सरासरी काढतात, पण गॉसियन किरणाच्या मध्यावर तीव्रता तिच्या दुप्पट असते. १०० मिलिज्यूल आणि ६ मिमी व्यास असेल तर मध्यावर ०.७ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. कोरलेल्या पायऱ्यांच्या कडांशी विद्युतक्षेत्र आणखी वाढतं, म्हणून सपाट काचेसाठी दिलेली मर्यादा डीओईला लावू नका. चाचणी आयएसओ २१२५४ प्रमाणे झाली आहे का आणि ती कोरलेल्या नमुन्यावर झाली का, हे विचारून घ्या.

प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या १५० टेरावॅटच्या टायटॅनियम-सफायर लेझरसारख्या यंत्रणेत स्पंद आधी लांबवतात, वाढवतात आणि शेवटी जाळ्यांच्या जोडीने पुन्हा आखूड करतात. स्ट्रिकलँड आणि मुरू यांच्या १९८५ च्या या पद्धतीला २०१८ चं नोबेल मिळालं. त्या जाळ्याही डिफ्रॅक्टिव्ह ऑप्टिकच आहेत, आणि किती ताकद मिळेल ते बऱ्याच अंशी त्यांचा आकार आणि सहनशक्ती ठरवते.

साफ कशी करायची? आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये फार धूळ असते.

कोरलेली बाजू कधीही कापडाने पुसू नका, तंतू पायऱ्यांत अडकतात. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात तेल असतं. सिलिंडरमधल्या कोरड्या नायट्रोजनचा हलका झोत पुरतो. तरी डाग राहिला तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून नायट्रोजनने वाळवा. कामाच्या बाजूला प्रोटेक्शन ग्लास हवीच, आणि ती स्वस्त म्हणून जळेपर्यंत वापरू नका.

धुळीपेक्षा मला पावसाळ्याची जास्त भीती वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेचा दवबिंदू चिलरच्या पाण्याच्या तापमानाला गाठतो, आणि सकाळी मशीन सुरू करताना थंड काचेवर डोळ्याला न दिसणारं दव जमतं. त्या महिन्यांत चिलर दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर ठेवा आणि हेडमध्ये कोरडी हवा रात्रभर चालू राहू द्या.

पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यायची?

१०७० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, आणि डीओईनंतर किरण एक नसतो. न हवे असलेले क्रम तिरके बाहेर पडतात. हेड पूर्ण बंदिस्त ठेवा. कार्बन डायऑक्साइड लेझरपुढे चालणारं पारदर्शक पॉलिकार्बोनेट इथे उपयोगाचं नाही, १ मायक्रॉनचा प्रकाश त्यातून आरपार जातो. तरंगलांबी छापलेला चष्मा सर्वांनी घालायचा, दारात उभ्या असलेल्या पाहुण्यानेही.

मग ५ टक्के ताकदीपासून सुरू करा. डीओईच्या आधी आणि नंतर पॉवर मीटरने मोजा, नोझल आणि होल्डरचं तापमान नोंदवा आणि मग पुढच्या पायरीवर जा. तापमान एका जागी स्थिरावत नसेल तर थांबा आणि हिशेबातला कुठला वॅट तिथे जातो आहे ते शोधा.

डीओईवर बारीक काळा ठिपका पडला आहे. कडेलाच आहे, चालवू का?

नको. सलग लेझरमध्ये तो ठिपका शोषतो, तापतो, भोवतीची घाण ओढून भाजतो आणि मोठा होतो. स्पंदित लेझरमध्ये प्रत्येक स्पंदाला खड्डा पसरत जातो. त्या डागामागे विखुरलेला प्रकाश पुढच्या लेन्सवर तीव्र ठिपका पाडू शकतो आणि एकाऐवजी दोन भाग जातात. काच बाहेर काढा, डागाचा फोटो घ्या आणि तो कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. कामाच्या बाजूला असेल तर प्रोटेक्शन ग्लासचं सील तपासा, लेझरच्या बाजूला असेल तर फायबर कनेक्टरपासून सुरुवात करा.